सोळावं पान

बीड जिल्ह्यातल्या उन्हाला सगळेच शिव्या देतात. पण त्याच्याशी खाजगी वैर धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू आहे. ऊन चढलं की आपण घरात जातो. साडू बाहेर येतात, कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघतात आणि एखाद्या कामचुकार कारकुनाला म्हणावं तसं म्हणतात, "बघून घेईन."

त्यांची सारी नोकरी निलगिरीत, एका चहाच्या मळ्यावर गेली. तिथे त्यांना बंगला होता, बंगल्याला बाग होती आणि बागेमुळे साडूंना नाव होतं. बाग करायची माझी थोरली मेहुणी. साडू ती पाहुण्यांना दाखवायचे. निवृत्तीनंतर पुण्यात मुलाजवळ राहावं असं मेहुणीच्या मनात होतं. साडूंना मात्र बीडजवळच्या नेकनूरची आपली वडिलोपार्जित जागा सोडवेना. "तुझी बाग तिथं जशीच्या तशी उभी करून देतो," असा शब्द देऊन त्यांनी तिला इकडे आणलं. असे शब्द पुष्कळ नवरे देतात. अडचण एवढीच झाली, की हे गृहस्थ तो पाळायला निघाले.

ट्रकमध्ये अर्धा संसार होता आणि अर्ध्या कुंड्या. डेलिया, पॅन्सी, फुशिया अशी थंड हवेतली नाजूक मंडळी नेकनूरच्या अंगणात ओळीने उभी राहिली. प्रत्येकीपुढे लॅटिन नावाची पत्र्याची पाटी, आणि फाटकावर मोठा बोर्ड : 'फुले तोडू नयेत.' उन्हाळ्याने काही तोडलं नाही, नुसतं वाळवलं. शेवटी उरल्या त्या पाट्याच. अंगण एखाद्या जुन्या छावणीतल्या गोऱ्यांच्या दफनभूमीसारखं दिसू लागलं. साडू तरीही पाट्यांवरची धूळ पुसत असत. वाचला तो निळ्या फुलांच्या गेंदांचा एकच हायड्रेंजिया. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मेहुणीने स्वतः फांदी लावून वाढवलेला.

त्या साली भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे त्या सणाला सोळा प्रकारची पत्री लागते, आणि ती एका घरी कधीच मिळत नाही. म्हणून सकाळी गल्लीतल्या बाया एकमेकींच्या अंगणात शिरतात आणि हवी ती पानं-फुलं खुडून नेतात. कुणी विचारत नाही, कुणी अडवत नाही. मात्र आपण जिच्या दारी गेलो तिनेही आपल्या दारी यावं, यात त्या देण्याघेण्याची सगळी शोभा असते. मेहुणी परडी घेऊन दारोदार फिरली. तिच्या फाटकाशी कुणीच वळलं नाही. शेजारच्या काशीबाई हसत म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडून काय न्यावं? साहेबाचा बोर्ड?" बाया हसल्या. मेहुणीही हसली. ओसरीत पेपर वाचणारे साडू हसले नाहीत. त्यांनी पुढचा अर्धा तास पेपरचं पान उलटलं नाही.

तिथून पुढे एकेकाळी परदेशी चहा धाडणारा हा माणूस रोज सकाळी बादली घेऊन नेकनूरच्या स्टँडवरच्या हॉटेलांतून चहाचा चोथा गोळा करू लागला. आपल्या काळ्या मातीचा चुना हायड्रेंजियाला सोसत नाही, त्याला आंबट माती लागते, असं त्यांचं शास्त्र होतं. घरात मेहुणी बोअरचं पाणी प्यायची. झाड विकतच्या जारचं प्यायचं. निळा रंग यावा म्हणून त्यांनी मुळाशी तुरटी घातली, तेव्हा काशीबाईंनी कुंपणावरून विचारलं, "साहेब, झाडाची दाढी करताव का?" वैशाखात तर त्यांनी घरातला कूलरच अंगणात नेला आणि झाडाकडे तोंड करून लावला. मी सहकुटुंब पाहुणा म्हणून गेलो होतो. आम्ही चौघं आत पुठ्ठ्याने वारा घेत होतो, आणि बाहेर वाळ्याच्या गार वाऱ्यात हायड्रेंजिया डुलत होता. मेहुणी मला म्हणाली, "पुढच्या जन्मी ह्यांच्या कुंडीत जन्म घ्यायचा ठरवलंय मी."

मग एक दिवस सकाळी वीज गेली ती तिन्हीसांजेला आली. पानं पापडासारखी भाजून निघाली. साडू जनरेटरची चौकशी करायला बीडला गेले. ते येईपर्यंत मेहुणीने झाड कुंडीतून काढून न्हाणीमागे, उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत, सांडपाण्याच्या ओलीवर लावून टाकलं होतं.

"अगं, मरेल ना तिथं!"

"तुमच्या सेवेनं मरायचंच होतं. जरा एकटं राहू द्या त्याला."

झाड जगलं. फुललं नाही, पण जगलं. साडू हरले असं कुणी समजू नये. त्यांनी फक्त आघाडी बदलली. गल्लीतून फांद्या आणि बिया मागून आणत त्यांनी पुढच्या अंगणात कण्हेर, तगर, गुलबक्षी, सदाफुली, आघाडा अशी गावठी फौज उभी केली आणि जुन्याच पाट्या उलट्या करून त्यांवर नवी लॅटिन नावं रंगवली. काशीबाईंनी कण्हेरीचं नाव साडूंकडून दोनदा म्हणवून घेतलं. "बया! आमच्या कण्हेरीला एवढं लांबलचक नाव हाय? आन् आमी तिला आजवर उगंच कण्हेर म्हणत बसलो."

पुढच्या महालक्ष्म्यांना मी तिथेच होतो. सकाळीच फाटक वाजलं. बोर्डाखालून बाया आत आल्या आणि खुडू लागल्या. प्रत्येक फुलामागे साडूंचा चेहरा ताणला जात होता. काशीबाई परडीतली पानं बोटावर मोजत म्हणाल्या, "पंधरा झाल्या. सोळावी काय गावंना."

साडू उठून न्हाणीमागे गेले. आपल्याच अंगणातली लूट त्यांना बघवली नसावी, असं मला वाटलं. ते परत आले तेव्हा हातात एक पान होतं. रुंद, कातरलेल्या कडांचं. मेहुणी परडी खाली ठेवत म्हणाली, "अहो, ते कशाला?"

"हे कशाचं हो, साहेब?" काशीबाईंनी विचारलं.

हा प्रश्न साडूंना कुणीतरी विचारावा म्हणून जणू त्यांचं आयुष्य गेलं होतं. मी व्याख्यान ऐकायची तयारी करून भिंतीला टेकलो. साडूंनी घसा साफ केला, मेहुणीकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या गावच्या बोलीत म्हणाले, "हिच्या हातचं हाय."

"मंग चालतंय की," काशीबाई म्हणाल्या आणि ते पान त्यांनी आघाड्याशेजारी ठेवलं.

त्या झाडाला अजून फूल आलेलं नाही. पण सोळावी पत्री साहेबाच्या न्हाणीमागची, हे आता गल्लीत ठरून गेलं आहे. साडू अजूनही भर उन्हात अंगणात येतात, कमरेवर हात ठेवतात आणि आभाळाकडे बघतात. मग काही न बोलता भिंतीला वळसा घालून मागे जातात. तिथे मेहुणी पाट टाकून बसलेली असते. तेही तिच्या शेजारी सावलीत बसतात.