खुरांना कळायचं

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मांजराच्या पंजाची एक स्लाइड आहे. तळव्याच्या मऊ गादीचा पातळ काप, आणि त्यात स्पर्श टिपणारी मज्जातंतूंची टोकं. एकावर एक पापुद्रे असतात, त्यामुळे दरवर्षी कोणीतरी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच म्हणतं, मॅडम, कांदा. मीही दरवर्षी हसते. मग सांगते की जमिनीतली बारीकशी थरथरही ही टोकं ओळखतात, आणि बैलाच्या खुराच्या आतल्या जिवंत कातडीतही अशी टोकं असतात.

हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना काडीचं नवल वाटलं नाही. काटोलजवळच्या आमच्या गावी ते अनवाणी गोठ्याकडे निघाले, की वळणावर असतानाच आमचा बैल उठून उभा राहायचा. दुसरं कोणी गेलं तर ढिम्म. "त्याच्या खुरायले समजते," एवढंच ते म्हणायचे. एवढ्यासाठी तुला इतकं शिकवलं का, हेही वर ऐकवायचे.

आता बाबा माझ्याकडे नागपुरात असतात. बैल गावी शेजाऱ्यांकडे दिलाय. साखरेने बाबांच्या तळपायांची जाणीव गेली आहे, खडा टोचला तरी कळत नाही, म्हणून घरातसुद्धा मऊ बूट. पाय घासत चालतात. कधी दुपारी बूट काढून फरशीवर पाऊल उगाच दाबून बघतात. मला ते पाहवत नाही. अंगणातलं त्यांचं ते धपधप चालणं मलाही परत हवं असतं, फार हवं असतं.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी हट्टच धरला. आमच्याकडे त्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. शेजारी देतीलच की, असं मी म्हणून पाहिलं. बाबा बूट घालून दाराशी बसून राहिले. शेवटी निघालो.

वळणावर त्यांनी बूट काढले. बैल उठतो की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं. मी खडे बघत पुढे, ते माझा खांदा धरून मागे, पाय घासत. शेजाऱ्यांच्या गोठ्यात तो बसलेला होता. आम्ही अगदी जवळ पोचलो तरी उठला नाही.

बाबा त्याच्याशेजारी पाटावर पाय पसरून बसले. खांद्याला लोणी चोळलं आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." चोळता चोळताच, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "माहे पाय नाई ओळखले वं त्यानं."

मी खाली पाहिलं. बैल मान लांबवून त्यांचं पाऊल चाटत होता, अंगठ्यापासून टाचेपर्यंत, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

"बाबा, खाली पाहा. चाटून राहिला तो."

त्यांनी पाहिलं.

"कसं लागते वं? सांग मले."

मी घाईने चप्पल काढली आणि माझा पाय त्यांच्या पायाला लावून ठेवला. बैलाने तो हुंगला, नाकाने बाजूला सारला आणि पुन्हा बाबांचाच पाय चाटायला घेतला.