नानांचं चाडं

काचेवर तोंडानं "हाऽ" करायचं आणि खांद्यावरच्या उपरण्यानं ती पुसायची. आमच्या संग्रहालयाचे शिपाई नाना रोज सकाळी असेच दालनभर फिरायचे.

"नाना, फडकं दिलंय ना तुम्हाला?" मी ओरडायचो.

"फडकाले ऊब नई शे, साहेब."

खानदेशातली असली लहान संग्रहालयं तुम्हीही पाहिली असतील. दोन ताम्रपट, चार गंजक्या तलवारी, सोंड तुटलेला गणपती, कुणा जहागीरदाराची तसबीर. आमच्याकडे शिवाय एक लाकडी वाडगं होतं, तळाला चार भोकं असलेलं. नोंदवहीत देणाऱ्याचं नाव 'अज्ञात'. मी पडलो विद्वान! ठोकून दिली पाटी : 'छिद्रयुक्त पूजापात्र'.

नाना पाटी वाचून खुदकन हसले. "साहेब, हाई चाडं शे. पेरतांना पाभरवर बसाडतस. वरथून मुठीनं बी सोडो, का खाले नळ्यास्मा जास."

"पुरावा काय?"

"तुम्ही शिकेल शेतस, पन पेरेल नई."

मला भयंकर राग आला. पुढे मनातून पटलं, तरी स्वतःची पाटी स्वतः काढायची म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच. दर मृगाला नाना चाड्यात ज्वारीचे चार दाणे ठेवायचे आणि उंदीर लागतील म्हणून मी ते काढून टाकायचो.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन नाना म्हणाले, "साहेब, तेवढी पाटी बदला. दुसरं काई नको."

"बघतो. वर प्रस्ताव पाठवावा लागेल," मी म्हणालो. माझी मेल्याची ऐट!

मंजुरी आली तेव्हा नाना वारले त्याला महिना झाला होता.

मी त्यांच्या बायकोला, अक्कांना, शिरपूरकडच्या गावाहून बोलावून घेतलं. नवी पाटी वाचून दाखवली : 'चाडं. पेरणीचं साधन.' अक्कांनी काचेला हात लावला.

"पेरतांना यावर मना हातनीच मूठ व्हती," त्या म्हणाल्या. "घरमा ट्रॅक्टर उना, तवय यास्नी आठे आनी ठेवं."

इतकी वर्षं माझ्याशी भांडले, पण चाडं आपलं आहे हे नाना एकदाही बोलले नाहीत. मला फार लाज वाटली.

अक्का गेल्यावर मी नोंदवही काढली. 'अज्ञात'वर रेघ मारली आणि शेजारी नानांचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. या खेपेला प्रस्ताव पाठवला नाही.