प्रिटोरियन सर

सरांचा आवाज मी एकाच विषयावर चढलेला ऐकला: रोमच्या सम्राटाचे अंगरक्षक, म्हणजे प्रिटोरियन गार्ड. एरवी हा साताऱ्याचा माणूस इतका थकल्यासारखा बोले, की शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचतच नसत.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आखातातल्या हवल्ली शहरातल्या एका भारतीय शाळेत ते इतिहास शिकवत, मी गणित. पुस्तकात त्या रक्षकांवर दोनच ओळी होत्या: त्यांनी सम्राट मारले, सिंहासनाचा लिलाव केला. सर पुस्तक मिटत. "खरंय ते. पण हजारो जण त्या दारात नुसते उभे राहिले आणि म्हातारे होऊन घरी गेले. त्यांचं कोण लिहिणार? पहारेकऱ्याची बदनामी फार लवकर होते, बाळांनो." मुलं जांभया देत. सरांचं नावच त्यांनी 'प्रिटोरियन' ठेवलं होतं.

एका वर्षी वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली. प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली फाटकावरच्या हसनभाईंकडे असे. रत्नागिरीकडचे, चौदा वर्षं शाळेत. "राखणदारच तो, दुसरं कोण असणार?" स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले.

दुसरं कोण, ते मला ठाऊक होतं. आदल्याच दुपारी सुपरवायझर स्वतःजवळच्या किल्लीने ते कपाट उघडताना मी पाहिले होते. त्यांचा मुलगा त्याच वर्गात होता. पण माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, शाळेच्या सहीवर चाले. मी वह्या तपासत राहिले.

सर मात्र मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले. "पुरावा दाखवा. नाहीतर हसनभाईंबरोबर मलाही काढा."

मुख्याध्यापक या प्रकरणाला कंटाळले होते. त्यांनी दोघांनाही काढलं. हसनभाई आठवड्याभरात गावी गेले. जाताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

सर निघाले त्या दिवशी ऊन डोळ्यांत घुसत होतं. टॅक्सीपाशी मी त्यांना गाठलं. "सर, मला एक सांगायचंय. त्या दुपारी मी..."

"माहीत आहे बाई," ते म्हणाले. "जिन्यावरून तुम्ही कपाटाकडे पाहताना दिसला होतात मला; कपाटापाशी कोण होतं, ते तिथून दिसलं नाही. वाट पाहिली मी चार दिवस. जाऊ दे, मुलं लहान आहेत तुमची."

मी त्यांची बॅग उचलायला वाकले. त्यांनी ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली.