सरांच्या बागेत कोण उतरलं होतं

चष्मा कपाळावर सारून सर आधी आभाळाकडे बोट दाखवायचे, मग समोरच्याकडे. "थे आले नाही, याचा सबूत द्या!" समोरचा बहुधा सौंसरच्या स्टँडवर बसची वाट बघत असायचा. त्याच्याकडे सबूत कुठून असणार? सर जाऊन आता वर्ष होत आलं, पण आभाळाकडे बघितलं की अजून मलाच अपराध्यासारखं वाटतं.

आम्ही एकाच शाळेत मास्तर होतो, ते विज्ञान शिकवायचे. देव, नवस, अंगारा यांचं नाव काढलं की भडकायचे. परग्रहावरून कोणी पृथ्वीवर येऊन गेलंय, यावर मात्र त्यांची गाढ श्रद्धा. श्रद्धा म्हटलेलं खपायचं नाही. "अनुमान म्हना, मास्तर."

निवृत्तीनंतर नागपूरला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बरे होऊन बोरगावच्या रस्त्यावरच्या आपल्या संत्र्याच्या बागेत गेले, तर झाडांमध्ये जळालेलं काळं वर्तुळ. लगेच मला फोन. "उतरले होते, मास्तर! माह्या बागेत!"

आमच्या भागातले असाल तर तुम्ही ओळखलंच असेल. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड गोळे, म्हणजे रोडगे, भाजले, त्यातच भरताची वांगी खुपसली, की जमिनीवर मागे उरतं ते हेच. सरांचे डोळे सुखरूप राहावेत म्हणून वहिनींनी बागेच्या कडेच्या पारावरल्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला होता, आणि सर नागपुरात असतानाच बागेत शेजाऱ्यांना जेवू घालून गुपचूप फेडलाही होता. आता हे त्यांना सांगायचं कोणी? निवृत्तीपासून इतके खूश आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं.

पंचाईत पुढे झाली. बाग ताणावर होती. बहार यावा म्हणून संत्र्याचं पाणी तोडतात आणि पानं मलूल झाली की परत सुरू करतात. ती वेळ आली, पण सर मोटर लावू देईनात. पाण्याने खूण पुसली जाईल, आणि नागपूरहून शास्त्रज्ञ यायचेत. (ते येणार, हेही अनुमानच.) पानं गळायला लागली, शेंड्याच्या फांद्या वाळायला लागल्या. ही झाडं वहिनींनी डोक्यावरून पाणी आणून जगवली होती. आता एक तर बाग जाणार, नाहीतर सरांचे पाहुणे, असं मला दिसत होतं.

एका सकाळी मी बागेत असताना वहिनी म्हणाल्या, "काय जी, इतक्या दुरून आले थे लोक. आपल्यात पाहुन्याले आधी पानी देते. तुमी तं त्यायच्या जाग्यालेही देऊन नाही राहिले."

सर उठले. मग स्वतःच मोटरीकडे गेले.

पाणी वर्तुळात शिरलं, राख वर आली आणि राखेबरोबर वांग्याचं एक करपलेलं देठ तरंगत आलं. सरांनी ते उचललं, डोळ्याजवळ नेऊन नीट पाहिलं. मग मारुतीच्या पाराकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनींनी पदर तोंडाला लावला. आता काही खरं नाही, असं वाटून मी पुढे झालो.

सरांनी देठ खिशात ठेवलं.

"वांगं खाते, म्हनजे चांगले लोक असतीन," ते म्हणाले. आवाज जरा ओला होता. "पर माह्यासाठी एखादा रोडगा तं ठेवाचा होता त्यायनं."