निमित्त माझ्या लग्नाचं

दादा गेल्याचा निरोप घेऊन माहेरचा गडी घनसावंगीला आला, तेव्हा मी ज्वारी पाखडत होते. सूप तसंच ठेवलं आणि बैलगाडीत बसले. वाटभर रडले. आईवडील लवकर गेलेले. थोरल्या भावानंच मला वाढवलं. ते रडू मंठ्याच्या पुढं, आमच्या गावच्या ओढ्यापर्यंत टिकलं. कोरडा ओढा पाहिला आणि राग आला... महिना उलटून गेला, तो अजून उतरलेला नाही.

वर्तमानपत्राचे पुरवणीवाले म्हणाले, दादांविषयी दोन चांगले शब्द लिहा. लिहिते की! दादा दिलदार होते. पटकीच्या साथीत लोक घरंदारं सोडून रानात राहायला गेले, तेव्हा दादा एकटे आजाऱ्यांच्या दारात भाकरी-कालवण ठेवत फिरले. गावात त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. हे सगळं खरं आहे. आणि ओढ्याकाठची सादड्याची जुनी झाडं त्यांनीच तोडली, हेही तितकंच खरं आहे.

आमच्याच शेताच्या कडेला होती ती झाडं, दोघांच्या कवेत न मावणारी. त्यांच्या सावलीत बायकांचा झिरा होता. वाळूत हातभर उकरायचं, वाटीवाटीनं घागर भरायची. वैशाखातसुद्धा तो आटला नाही. पाणी भरता भरता सासूला नावं ठेवायची आमची हक्काची जागा ती. माझं लग्न ठरलं आणि दादांच्या मनात पाच गावं जेवू घालायचं भरलं. आमच्याकडं रीत अशी, की लग्नाचं सरपण घरच्या रानातलंच हवं. मागून आणलेल्या लाकडावर वऱ्हाड जेवलं तर घराण्याला कमीपणा. घरची वाळलेली बाभूळ दोन गावांना सहज पुरली असती. पण दादांना पाचच हवी होती. सादड्यांवर कुऱ्हाड पडली. मी हळद लावून आत बसले होते. मला कुणी विचारलं नाही.

वऱ्हाड जेवून गेलं तरी लाकूड उरलं. ते बघायला जालन्याचा एक गुत्तेदार, लाकडाचा ठेका घेणारा, आला. तिथं सरकी काढायच्या कारखान्यात इंजिनाला लाकूड लागायचं. उरलेलं लाकूड गेलं, आणि मग दादांना चटकच लागली. मी सासरी नांदत होते, इकडं एकेक उभं झाड गाडीत भरलं जात होतं. पुढं पुरात काठ ढासळला, वाळू वाहून गेली, खाली नुसता खडक उरला आणि झिरा गेला. लोक म्हणतात, निजामाचं राज्य, गुत्तेदाराचा जोर, माणूस काय करणार? साफ खोटं. गुत्तेदार काय आपणहून आला होता? दादांनी गाडी पाठवली होती त्याला! आणि कुऱ्हाड आमच्या घरातली होती.

दादा मात्र साऱ्या पंचक्रोशीत सांगत फिरले, "बहिणीच्या लग्नापायी तोडावी लागली." म्हणजे केलं त्यांनी आणि नाव माझं.

गेल्या भाऊबीजेला मी ओवाळून झाल्यावर विषय काढलाच.

"दादा, माझ्या लग्नाला लई झालं तर दोन झाडं लागली असतील. बाकीची कुठं गेली?"

"गोदे, समद्या गावानंच तोडली की. म्या एकट्यानं तोडली का?"

"तुमचं बघून तोडली. अन् झिरा तुमच्या झाडाखाली व्हता."

"झाडं काय, पुन्हा येत्यात."

"मंग लावलं का एक तरी?"

ते पानाला चुना लावत राहिले...

"एकदा म्हणा, म्या तोडली. माझं नाव घेऊ नका."

"जाऊ दे आता. पोरींना बी चालायची सवय होऊन राह्यली."

ते बोलणं मला गिळवलं नाही. पोरी म्हणजे कोण? त्यांचीच नात यमुना, आणि तिच्या वयाच्या सगळ्या. शेजारच्या गावाच्या विहिरीवरून त्या घागरी आणतात. झाडं पडली तेव्हा यातली एकही जन्मली नव्हती.

दादांचा दहावा रीतीप्रमाणे ओढ्याकाठी झाला. ओढ्यात थेंब नव्हता. पिंडांना पाणी द्यायला यमुनेनं घागर डोक्यावर वाहून आणली. माणसं घरी परतली, ओसरीवर बसली, आणि एक म्हातारे सोयरे म्हणाले, "बहिणीच्या लग्नापायी काठ मोकळा केला. असा भाऊ मिळत न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मला राहवलं नाही.

"माझ्यापायी न्हाई. आपल्या मोठेपणापायी केला."

"गोदाबाई, मेल्या माणसाचं वंगाळ बोलू न्हाई."

"मेल्याचं न्हाई, जित्या पोरींचं बोलून राह्यले."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. मला तिचं वाईट वाटलं, पण बोललेल्याचं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत होते. यमुना घागर घेऊन आली. घाम पुसायच्या आधी तिनं दादांच्या बाजेजवळच्या कोनाड्यातला पितळी तांब्या काढला, भरला, वर फुलपात्र झाकून परत ठेवला.

"हे कुणाला गं?"

"आजोबाचा आधी भरायचा असतो ना, आत्याआजी. हात आपोआप जातो."

"तू प्यालीस का?"

"पिते की मंग. समद्यांचं होऊ द्या."

तिचे ओठ कोरडे पडले होते. मी कोनाड्यातून तांब्या उचलला आणि तिच्या हातात दिला.

"पी."

"आत्याआजी, आजोबाचा हाये."

"म्हणूनच पी."

तिनं एकदा बाजेकडं पाहिलं, मग उभ्याउभ्याच सगळा तांब्या रिकामा केला.