चिमाची बुटकी कलमं

काजूच्या कलमाचा जोम उंचीवरून ठरत नाही, हे जयगडच्या हरिश्चंद्र सारंगांना सांगायची गावात कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं मालवाहू बोटीवर खलाशांना नाचवलेला माणूस. बोटीवरून उतरल्यावर चौऱ्याऐंशी साली त्यांनी गावामागच्या उतारावर रोपवाटिका काढली आणि तीही बोटीसारखीच चालवली. नारळाच्या झापांचा एकच दाट मांडव, आणि त्याखाली काजू, जायफळ, सगळं एका रांगेत उभं. गिऱ्हाईक आलं की ते पट्टी लावून कलमाची उंची दाखवायचे.

चिमा तिथे पाणी घालायला आणि पिशव्या भरायला होती. पंचेचाळिशीची, काटक आणि तोंडाने फटकळ. काजूची ती लांबट, फिकट कलमं बघून तिचं डोकं फिरायचं. भाताच्या तरव्याच्या वाफ्यात ती हेच दरवर्षी बघत आली होती. फणसाच्या सावलीतली रोपं सगळ्यांच्या आधी उंच होतात आणि लावणीनंतर सगळ्यांच्या आधी आडवी पडतात. उजेड पुरत नाही म्हणून बिचारं झाड मान लांब करून तो शोधत असतं, आणि इथे त्याचं कौतुक चाललेलं!

शहाऐंशीचा शिमगा सरला आणि तिला राहवेना.

‘दादा, काजूवरचे झाप काडा. नुसती उंच झालीत, अंगात काय नाय त्यांच्या. काजू कातळावरचा झाड, त्याला ऊन लागता.’

‘आणि जळली म्हणजे?’ सारंगांनी विचारलं.

‘जळली तर मी कामाला येत नाय.’

बोलून गेली खरी, पण तिला पुढचं दिसत होतं. रोपवाटिका सुटली तर पुन्हा चिरेखाण, आणि खाणीवर डोक्यावरून चिरे वाहून तिची मान कायमची धरली होती. सारंगांनी तिला शंभर कलमं दिली, तीही शोधून शोधून सगळ्यांत लहान. कलमं बांधणारा रामा तर दात काढून म्हणाला, ‘वयनी, खाणीवरची चुंबळ जपून ठेवलीव ना?’

चिमाने घाई केली नाही. पहिल्या आठवड्यात फक्त उगवतीकडचे दोन झाप काढले, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन तेवढं मिळावं. पुढच्या आठवड्यात आणखी दोन. तरी पानांच्या कडा तांबूस झाल्या. चार दिवस ती सकाळ-संध्याकाळ एकेक पान उलटून बघत होती, पण झाप तिने परत घातले नाहीत. मग नवी पालवी आली. पानं लहान, जाड, हिरवीगार, आणि खोड बोटाला घट्ट लागणारं. उंचीला मात्र ही कलमं सावलीतल्यांपेक्षा वीतभर कमीच राहिली. सारंगांनी पट्टी लावली आणि समाधानाने मिशीवर हात फिरवला.

पावसाच्या तोंडावर सखाराम नावाचा शेतकरी शंभर कलमं न्यायला आला. उंच कलमं पन्नासच शिल्लक होती, म्हणून उरलेली पन्नास चिमाची बुटकी घेऊन गेला, तीही तोंड वाकडं करून.

दिवाळीनंतर तोच सखाराम तरातरा चढण चढून आला.

‘सारंगानू, तुमची उंच कलमा पावसात लोळली. राहिली त्यातली कितीक उन्हात करपली. पन्नासातली बारा उभी हायत. आणि त्या बुटक्यांतली दोन सोडून सगळी लागली! ती कोणी तयार केलीन? मला तसलीच दोनशे हवीत.’

चिमाने हातातली झारी खाली ठेवली. ‘मी केली,’ ती म्हणाली. लाजली नाही, पदर सावरला नाही, आवाजही खाली आणला नाही. का आणावा? अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता आणि तो लपवण्यासारखा नव्हताच.

चूक सुधारायचीही सारंगांनी बोटीवरच्यासारखीच घाई केली. ‘रामा, मांडव उघड सगळा! एकूण एक रोप उन्हात!’ एवढं बोलून स्वतःच शिडीवर चढले आणि जायफळावरचा झाप ओढून काढला. दुपारचं ऊन थेट कोवळ्या रोपांवर पडलं.

‘थांबा!’ चिमा ओरडली. रामा जागच्या जागी थिजला. ‘जायफळाला उघडा पाडू नका. तो सुपारीच्या बागेतला झाड. त्याला उजेड हवा, पण गाळून आलेला. हा ऊन लागला तर आठ दिवसात पाना भाजून काढील. काजूचा न्याय त्याला लावू नका. घाला तो झाप परत.’

शिडीवर झाप हातात धरून सारंग तिच्याकडे बघत राहिले. आयुष्यात बोटीवरच्या कप्तानाखेरीज त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. मग ते वळले आणि त्यांनी झाप पुन्हा मांडवावर टाकला.

‘असा नाय. जरा मावळतीकडे सरकवा,’ चिमा खालून म्हणाली.

त्यांनी सरकवला.

‘अजून थोडा.’

त्यांनी आणखी सरकवला आणि सुंभाने बांधून टाकला.

‘हां. आता उतरा.’