तांब्याची तार

जव्हारला स्टँडमागे गाड्यांची वायरिंग करणारा एक माणूस आहे. माझ्या गाडीचा एसी तोच बघतो. टेस्टरचा दिवा लागला तर "हाय" म्हणतो, नाही लागला तर "नाय".

गेल्या उन्हाळ्यात दाभोसा गावाला जाणारी एक जीप त्याच्याकडे आली. तिचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून ड्रायव्हरने फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली होती.

"तार उडणार नाय, गाडी पेटंल," वायरिंगवाला म्हणाला.

"पॅसेंजर खोळंबलेत," म्हणत ड्रायव्हर निघून गेला.

घाटात जीप पेटली. एक म्हातारी आतच राहिली.

आता तशी तार घातलेली गाडी आली की तो आधी तिची बॅटरी काढून पोटाशी धरून बसतो. परवा एका ड्रायव्हरने त्याची कॉलर धरली, पॅसेंजरांनीही शिव्या घातल्या.

"मारा," तो म्हणाला. बॅटरी सोडली नाही.